भिंतीच्या पलीकडून

ज्याला खोटं वाटेल त्याने वाटून घ्यावं. मी तिथे होते.

केंडू बे, आमच्या लुओ मुलखातलं गाव. सरोवराकाठचा मासळीबाजार.

आणि वेळ रात्रीची नव्हे. रात्र असती तर भास झाला म्हणून सोडून दिलं असतं.

अबुतो विधवा. दिराने घराबाहेर काढलेली. मासळीच्या छपराखाली झोपायची. शेजारी अथिएनो, पोटुशी. तिलाही कुणी नव्हतं. अशा आणखीही काही बायका तिथेच झोपायच्या.

आम्ही बाजारातल्या बायकांनी अबुतोच्या घरासाठी गवत कापलं. खांब आणले.

पण आम्हा लुओ लोकांत सासरच्या पुरुषाने पहिला खांब रोवावा लागतो. त्याशिवाय विधवेचं घर उभारत नाहीत.

दीर ओगुटू म्हणाला, "पाऊस जाऊ दे गं. मग रोवतो."

पाऊस गेला.

"पाठ धरलीय. बघू पुढे."

आम्ही थांबलो. गवत कुजलं.

अबुतो खोकत खोकत छपराखालीच वारली.

त्याच सकाळी ओगुटू खांब घेऊन हजर.

कारण घर नसलेल्या बाईला आमच्यात तसंच पुरत नाहीत. आधी घर बांधतात, मयताची पेटी आत ठेवतात, मग माती. नाहीतर ती घरच्यांना छळते म्हणे.

ऊन कलायच्या आत घर उभं. भिंती. छप्पर. दार.

एका दिवसात.

(इथे मला पुढे सांगवत नाही. थोडं थांबते.)

पेटी दाराशी आली...

आत जाईना.

चौघे दांडगे कोळी. कुणीतरी म्हणालं, "सकाळी मक्याची उगाली कमी खाल्ली का रे?"

हसू आलं नाही कुणाला.

मागे सरकले की पेटी हलकी. पुढे पाऊल टाकलं की...

झाडासारखी रुजलेली.

ओगुटूने हात जोडले. "वहिनी, चुकलो. ये."

पेटी तशीच.

बाजारातली सगळ्यात म्हातारी अगोला आजी बसल्या जागेवरून बोलली, "जिती होती तेव्हा ये म्हणालास का? आता कशी येईल?"

मग तिने अथिएनोचा हात धरला. "तू जा आत."

"आजी, मेलेलीचं घर आहे ते."

"मेलेलीला नकोय. दिसत नाही का तुला?"

सगळे ओगुटूकडे बघत राहिले. तो मान खाली घालून म्हणाला, "राहू दे तिला."

अथिएनो उंबरा ओलांडून आत गेली.

त्याच क्षणी पेटी उचलली गेली. रिकाम्या टोपलीसारखी. पण दाराकडे नाही... अंगणातल्या खड्ड्याकडे.

अबुतो घरात गेलीच नाही.

तेव्हापासून आम्ही खांबासाठी कुणाची वाट बघत नाही. स्वतः रोवतो. एकेक करून सगळ्या बायका छपराखालून घरात गेल्या.

पण प्रत्येक घराची भिंत लिंपताना पलीकडून आवाज येतो.

थप्... थप्...

पहिल्यांदा मी वळसा घालून पाहिलं. कुणी नव्हतं. चिखल ओला. बोटं उमटलेली.

आता आम्ही पलीकडे जात नाही.

परवा शेवटचं घर लिंपत होतो. मला राहवलं नाही. भिंतीला गाल लावून म्हटलं, "अबुतो, दमली असशील. ये ना आत."

आवाज थांबला.

अगदी जवळून कुणीतरी श्वास घेतला...

मग पुन्हा लिंपायला लागली.