चौसष्ट पाती

हिंगोलीच्या एसटी स्टँडवर दीक्षाच्या हातून कागदाची थप्पी निसटली, आणि आकड्यांची लांबलचक पट्टी फलाटभर पळत सुटली. दुसरं टोक एका उंच तरुणाच्या हाती लागलं. ते परत द्यायचं सोडून हा गडी वाचतच उभा...

"यातला सतरावा एकटाच राबून राहिला. बाकीचे काहून बसलेत?"

दीक्षा चमकली. शिरड शहापूरची ही पोरगी पुण्यात महासंगणकावर पावसाचं गणित चालवत होती. चौसष्ट प्रोसेसर एकाच वेळी राबायचे, कागदावर त्यांच्याच कामाचे तास होते, तरी काम रांगायचं. कोट्यातल्यांना मशीन कशाला, असं तिथला साहेब तोंडावर म्हणाला होता. सोमवारपर्यंत वेग आला नाही, तर तिची जागा जाणार होती.

तरुण जवळा बाजारजवळच्या बंजारा तांड्यावरचा, शाळेत विज्ञान शिकवणारा. नाव प्रेमदास. गाडीत शेजारीच बसला. मग तिनं सांगितलं– नकाशाचे सारखे तुकडे केले, एकेकाला एक दिला. पण ढग दाटलेल्या तुकड्याचं गणित सरत नाही, आणि त्याच्यापायी बाकीचे थांबून राहतात.

"मॅडम, कापूस वेचला का कधी?"

"तुमच्याहून जास्त."

"मग? आपल्या वाट्याच्या ओळीची पात सरली की बाई बांधावर बसती का? फिरती, अन् मागं राहिलेलीच्या पातीला समोरून लागती."

दीक्षाची आई जनकाबाई, तिचा उभा जन्म तसाच वेचण्यात गेला होता, आणि लेकीनं ते इंग्रजी पुस्तकांखाली पुरलं होतं. स्वतःचाच राग आला. त्या रागातच तिनं त्याच्या कॉलरवर चिकटलेला कापूस काढला... मग दोघंही खिडकीबाहेर बघू लागले.

पुण्यात तिनं प्रोग्राम बदलला. ज्याचं काम सरेल त्यानं मागं राहिलेल्याला समोरून लागायचं. चाळीस तासांचं काम अकरा तासांत उरकलं. साहेबानं तीनदा चूक शोधली, सापडली नाही. कुठल्या पुस्तकातलं हे, त्यानं विचारलं. तिनं अहवालाचं पहिलं पान पुढं सरकवलं. तिथं लिहिलं होतं– पद्धत : जनकाबाई, शिरड शहापूर.

पहिला फोन तिनं जवळा बाजारच्या बूथवर केला. नंबर प्रेमदासनं तिकिटामागं लिहून दिला होता. मग दर रविवारी तो तिथं उभा राहू लागला. चैत्रात एकदा त्याचा आवाज पडला.

"घरी सांगितलं आपल्या लग्नाचं. आई राजी हाय. तांडा न्हाई ऐकून राहिला. बौद्धाची पोरगी म्हणतेत. अर्धी पात राहिली अजून..."

"सोडू नका," दीक्षा म्हणाली. "शनिवारी येते मी तांड्यावर. समोरून लागते."