मधली चित्रं

"खुर्च्या ओढा जवळ. आणि ज्याला भीती वाटते त्यानं आत्ताच घरी जावं. मध्येच उठलेलं मला खपत नाही." चित्रकलेचे सर निवृत्त झाले होते, पण मुलं कॉलेजात रात्री कामाला बसली की हटकून चक्कर टाकायचे.

"सर, तुमची नेहमीची थाप ना?" एकीनं विचारलं.

"थाप असती तर बरं झालं असतं गं. जिची ही गोष्ट, ती मुलगी माझ्याच हाताखाली शिकली."

तिला सगळे खार म्हणत. पान पडलं तरी दचकायची, म्हणून मोठ्या भावानंच ठेवलेलं नाव. दोघं एकाच गटात. चौघांचा मिळून एक छोटा चित्रपट, सगळा हातानं काढलेला. दादा पात्राच्या मुख्य हालचाली काढायचा: इथं उभं, तिथं वळलं. त्यांच्या मधली चित्रं भरायची खारीनं. साधं एक पाऊल टाकायचं तरी दहा-बारा कागद. मग दादा ते बोटांच्या बेचक्यांत धरून फर्रकन उलटून बघायचा. जिथं चूक, तिथं थांबायचा. बोलायचा नाही.

"बोल की तोंडानं! का बोलण्यातही मधलं मीच भरू?" खार चिडायची. तो आपला हसायचा.

चित्रपट संपत आला आणि दादा गेला. मोटारसायकल, रात्रीचा रस्ता... त्यात काय सांगायचं. शेवटचं एकच दृश्य राहिलं होतं. पात्र दाराशी येतं, उंबरा ओलांडतं, निघून जातं. दादाची दोन मुख्य चित्रं होती. मधली नव्हती.

महिना उलटला. सोमवारी चित्रपट द्यायचा, त्याच्या आधीचा शनिवार. "कागद घेऊन येते," असं आईला सांगून खार जेवल्यावर निघाली. घरी बसून काढू, असा बेत.

"लवकर ये गं," आई म्हणाली. आई हल्ली दाराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हेच म्हणायची.

कॉलेजातल्या कामाच्या खोलीत आली आणि तिला राहवेना. काचेच्या टेबलाखालचा दिवा लावला. म्हटलं, एक तरी काढून बघू. एकाची पाच झाली. काढलेले कागद पाठीमागच्या टेबलावर ठेवले. ते दादाचं टेबल.

मागे आवाज झाला. फर्र.

खार दचकली नाही. दचकायचंच विसरली.

पंखा बंद. खिडकी बंद.

फर्र... आणि थांबला.

तिनं मान वळवली नाही. नुसता हात मागे नेला. एक कागद बाकीच्यांतून वर आलेला होता, तो चाचपून पुढे घेतला. पात्राची टाच वर राहिली होती. तिनं टाच खाली घेतली, कागद मागे ठेवला.

फर्र. न थांबता.

"दादा?"

...

ती काढत गेली. मागे ठेवत गेली. चुकलं की आवाज थांबायचा. करता करता पात्र उंबऱ्याशी आलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. हा पाय बाहेर पडला की दृश्य संपलं. दृश्य संपलं की काम संपलं. आणि काम संपलं की...

मग खारीनं कामात लबाडी केली. आयुष्यात पहिल्यांदा. मुद्दाम चुकीचं काढलं. पाय उचललाच नाही.

फर्र. थांबला.

तिनं कागद चुरगळून टोपलीत टाकला. नवा घेतला. पुन्हा पाय जमिनीलाच.

फर्र... थांबला.

पुन्हा.

पुन्हा.

टोपली भरली. हात अवघडला. आणि मागचा आवाज मंदावला. एक फर्र... मग कितीतरी वेळ काही नाही... मग अर्धीच. धाप लागल्यासारखी.

"दमलास का रे?"

...

"आई जागी असेल," ती म्हणाली. "मला जायला हवं. तुलाही..."

तिनं डोळे पुसले. कागद भिजू नये म्हणून जरा लांब धरला. आणि पाय उचलला. नीट. त्यानं शिकवला होता तसा.

मागे ठेवला.

फर्र...

सगळे कागद. शेवटपर्यंत. कुठंही थांबला नाही.

मग शांत.

बऱ्याच वेळानं ती वळली. कोणी नव्हतं. चांगली चित्रं छातीशी धरली, दिवा मालवला, कुलूप लावलं. घरी आई दारातच उभी होती.

सरांनी घसा खाकरला.

"मग, सर?"

"सोमवारी तिच्याकडून किल्ली घेऊन तिच्या गटातल्या दाढीवाल्यानं कुलूप काढलं. मी त्याच्याबरोबर होतो. टोपली रिकामी. टेबलाखालचा दिवा चालू. आणि काचेवर, एकावर एक, तिचे ते चुरगळलेले कागद. सगळे. एकेक सुरकुती हातानं दाबून सपाट केलेली."

"आणि?"

"दाढीवाल्यानं ते बेचक्यांत धरले. उलटले. पात्र उंबऱ्यावर उभं... श्वास घेतल्यासारखं हलतंय... पण पाय उचलत नाही. जातच नाही."