घड्याळजींच्या गोळ्या

"बाबांच्या गोळ्या वहिनी बदलतेय," खुर्चीत टेकायच्या आधीच तिने खासगी तपासनीस बाईंना सांगून टाकलं.

तिचे वडील घड्याळजी. चार वर्षं त्यांना फिट आली नव्हती. गेल्या तीन आठवड्यांत दोनदा आली. रक्त तपासलं तर फिटचं औषध जेमतेम सापडलं. भाऊ आता बायकोला माहेरी धाडायच्या बेतात होता.

तपासनीस बाई पूर्वी औषधांच्या दुकानात होत्या. त्यांच्या मदतीला असलेले दीर निवृत्त हवालदार. घर बघण्याआधीच हवालदारांनी मनातल्या मनात सुनेला दोषी ठरवलं होतं.

घरी गेल्यावर सुनेने गोळ्यांची पाकिटं पुढे ठेवली. "मोजून घ्या. सकाळी सातला मी देते, ते माझ्यासमोर गिळतात."

हिशोब जुळला. उरलेली पाकिटंही सीलबंद. दुकानदार फोनवर म्हणाला, "त्याच खेपेची गोळी आणखी तिघं घेतात. कुणाची तक्रार नाही."

"आजोबा, पोट काय म्हणतंय?" बाईंनी विचारलं.

हवालदारांना हा प्रश्न भलताच वाटला.

"वायूने बेजार होतो. लेकीने कॅप्सूल आणल्या तेव्हापासून मजेत. गिळवत नाही म्हणून ती पाण्यात फोडतो आणि सकाळी गोळीसकट सगळं एका घोटात उरकतो." घड्याळजी हसले. जीभ काळपट होती. उशाच्या पेल्यातही काळी भुकटी. सून भांडी नीट घासत नाही, अशी हवालदारांनी नोंद केली.

बाईंनी कॅप्सूलची डबी पाहिली, डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना बोलावलं.

"गोळी खरी होती. सुनेने दिली, आजोबांनी गिळली."

"मग औषध गेलं कुठे, वहिनी?" हवालदार गोंधळले.

"कोळशात, भावजी. या कॅप्सूलमध्ये ॲक्टिव्हेटेड चारकोल आहे. विषबाधा झाली की दवाखान्यात तोच देतात. पोटातलं विष तो धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. इथे त्याने फिटची गोळी धरली. जीभ त्यानेच काळी झाली, पेल्यातली भुकटीही त्याचीच. कॅप्सूल आल्या तीन आठवड्यांपूर्वी, फिट्सही तेव्हापासूनच. डॉक्टर म्हणाले, आजपासून बंद. यापुढे असलं काही घ्यायचं तर त्यांना विचारून."

लेकीचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच..."

"त्यांचा त्रास बघवेना म्हणून आणल्यास ना," सून म्हणाली. "मला कुठे माहीत होतं?"

पंधरा दिवसांनी रक्ताचा अहवाल चोख आला. फिट पुन्हा आली नव्हती. अहवाल वाचून सून पहिल्यांदाच रडली.

"इतके दिवस रडायलाही भीती वाटायची," ती डोळे पुसत म्हणाली. "सगळे म्हणाले असते, नाटक करते."

नणंद तिच्याजवळ सरकून बसली, आणि बराच वेळ उठली नाही.