अकरा कॅसेट

रविवारी दुपारी चार वाजता मावशीनं कॅसेट लावली, आणि तिच्यातून त्याचं हसणं गेलेलं होतं.

यातलं एकही वाक्य मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. मावशी वर्तमानपत्रात प्रूफं तपासते. कानामात्रेचीही थाप मारत नाही.

ती एकटी राहते. सव्वीस वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं, शेजारच्या खोलीतल्या मुलाशी. पत्रिकेचं प्रूफ तिनंच तपासलं. चूक एकही नव्हती.

नवरदेव तेवढा आला नाही.

लग्न ठरलं तेव्हा रविवारी चारला टीव्हीवर एक विनोदी मालिका लागायची. तो बघायला मावशीकडे यायचा. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून दोघं एकेक भाग टेप करायचे. त्यामुळे कॅसेटवर मालिकेइतकीच ती दोघंही होती. तो तर विनोद संपायच्या आधीच हसायचा.

अशा अकरा कॅसेट उरल्या. दर रविवारी चारला मावशी चहा घेऊन बसायची आणि एक लावायची. त्याचा तेवढाच आवाज तिच्याकडे होता.

त्या रविवारी मालिकेतले संवाद आले. मावशीचं हसणं आलं.

त्याच्या जागी...

काहीच नाही.

"ताई, टेप पुसली तर सगळंच जातं," दुरुस्तीवाला म्हणाला. "एकाच माणसाचं हसणं पुसणारं यंत्र अजून निघालेलं नाही."

पुढच्या रविवारी दुसरी लावली. तिच्यातूनही तो गेला होता.

मावशीच्या मनात नको ते आलं. कुणाकुणाला विचारून तिनं त्याच्या घरचा नंबर मिळवला. फोन बायकोनं उचलला.

"मी जुनी शेजारीण. ते... बरे आहेत ना?"

"कसले बरे! दोन वर्षं झाली, बोलत नाहीत, कुणाला ओळखत नाहीत. पण गेले दोन रविवार..."

"काय?"

"चारला हसायला लागतात. टीव्ही बंद असतो हो! मध्येच थांबतात, कान देतात, परत हसतात. वीस-बावीस मिनिटं."

मालिकेचा एक भाग बावीस मिनिटांचा असायचा.

"खरं सांगू?" बायको म्हणाली. "बरं वाटतं. घरात आवाज तरी होतो. पुढच्या रविवारी हसतील का हो?"

फोन ठेवून मावशी कॅसेटींकडे बघत बसली. नऊ राहिल्या होत्या. त्या नऊंमध्ये तो अजून होता.

रविवारी तिनं तिसरी लावली.

साडेचारला फोन आला. "हसले हो!"

मग चौथी. पाचवी. मावशीचं घर दर रविवारी थोडं थोडं रिकामं होत गेलं.

"ज्यानं तुला तसं सोडलं, त्याच्यासाठी?" मी न राहवून विचारलं.

"गप बस," मावशी म्हणाली. "त्याचंच होतं ते."

गेल्या रविवारी मात्र शेवटची कॅसेट तिच्याकडून लावली गेली नाही. हातात धरून बसून राहिली.

साडेचारला फोन वाजला. बायको कुजबुजत होती.

"आज हसले नाहीत. नुसते भिंतीकडे बघत बसले. आणि मग... बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदा."

"काय बोलले?"

"'आज उशीर का?' म्हणाले."

उद्या रविवार आहे. ती कॅसेट अजून मावशीकडेच आहे.