तिघींचं हसू

सांगलीत माझं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. फ्यूज म्हणजे काचेच्या नळीतली तार. करंट वाढला की जळायचं, एवढंच तिचं काम. महागड्या फ्यूजनं आवाज सुधारतो असं कुणी गिऱ्हाईक म्हणालं, की मी हसू दाबून चहा मागवायचो.

वडूजला माझे सासरे लालासाहेब, मी त्यांना मामा म्हणतो, एकटेच राहतात. सासूबाई, रंगुबाई, गेल्या वर्षी वारल्या. जन्मभर त्यांनी नवऱ्याला ‘आवं’ म्हणूनच हाक मारली. नाव घेतलं ते एकदाच, नव्या घराच्या वास्तुशांतीला, बायकांनी उंबऱ्यात अडवलं तेव्हा. त्या उखाण्याची कॅसेट आहे. ‘निळ्या लुगड्याला जरीचा काठ,’ इथवर नीट ऐकू येतं. पुढचं नाव हसण्यात बुडालंय. हसणाऱ्या तिघी: शेजारच्या सुलाबाई, माझ्या चुलतसासू आणि सहा वर्षांची प्रांजल, म्हणजे आता माझी बायको.

ते नाव ऐकायचं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा उरली होती. मोबाइलवर कसलासा व्हिडिओ बघून त्यांनी चांदीचा फ्यूज मागवला. जावई म्हणून मी तो मुकाट्यानं त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवला आणि कॅसेट लावली.

“सुलाबाई गप झाली बगा,” मामा म्हणाले.

खरंच, दोघींचंच हसू उरलं होतं. टेप झिजली असेल, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सुलाबाई गेल्याचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढं. नवल वाटलं नाही.

महिन्याभरानं सोन्याचा मुलामा दिलेला फ्यूज आला. तो बसवल्यावर चुलतसासूंचं हसू नाहीसं झालं. मी निघून विट्यापर्यंत पोचलो, तोवर फोन आला: भाजी निवडता निवडता त्या गेल्या.

मी गाडी तशीच माघारी वळवली. मामा स्पीकरला कान लावून बसले होते. कॅसेटवर एकट्या प्रांजलचं खिदळणं चाललं होतं.

“तेवढं एक आडवं येतंय,” ते म्हणाले. “ह्याच्याहून भारी फ्यूज न्हाई का मिळत?”

“नाही.”

होते ते सगळे फ्यूज काढून मी खिशात घातले. मला भीती वाटत होती, खरीखुरी भीती. पण कारण सांगायची लाज वाटली. शिकलेला माणूस मी, असलं काही बोलणार कसं? तिथंच चुकलं माझं.

आठवड्यानं, संध्याकाळी, त्यांचा फोन आला. आत प्रांजल कुकर लावून मोबाइलवर काहीतरी बघत हसत होती.

मामा आनंदानं रडत होते. “घेतलं, जावईबापू! नाव घेतलं रंगूनं. ‘लालासाहेबांचं नाव घेते, सोडा माझी वाट.’ लय साफ!”

“मामा, फ्यूज तर माझ्याकडं आहेत.”

“म्हून काय झालं? वायरीतली एक तार काढली न् अडगळीतल्या जळक्या फ्यूजला गुंडाळली. मोटरीला करतो तसं.”

“आणि ते हसणं?”

“कुणाचं?”

आत कुकरची तिसरी शिट्टी झाली.

मग चौथी. पाचवी.

प्रांजल तिसरीला गॅस बंद करते.