पांढऱ्या पुडीच्या फळ्या

खळ्ळ! सुताराच्या कार्यशाळेची काच फुटली आणि विटेचा तुकडा थेट रंध्याशेजारी येऊन आदळला.

"बाहेर ये, सुतारा!"

सुट्टीत झाडावर घर बांधायचं म्हणून फळ्या निवडत बसलेली तिघं टेबलाखाली घुसली. ठिणगी ही सुताराची मुलगी, गेंडा तिचा आडदांड मामेभाऊ आणि बिस्किट शेजारच्या बेकरीवाल्याचा मुलगा. आणि बाहेरचा आवाज बिस्किटच्याच बाबांचा होता!

"काल नाट्यगृह जळालं! माझा पहारेकरी भाऊ होरपळलाय! रंगमंचाच्या फळ्यांना आगरोधक औषध लावलंच नाहीस तू!"

"आईशप्पथ लावलंय! एकेक फळी औषधाच्या टाकीत..."

फाडकन दांडका बसला. ठिणगीच्या बाबांचा ओठ फाटला, सदरा रक्ताने भिजला. दोघांनी त्यांचे हात पिरगाळले, तिसऱ्याने लाथ घातली.

"पाच वाजेपर्यंत चालता हो! नाहीतर तुझी कार्यशाळा आम्हीच पेटवू!"

जमाव गेला. बिस्किट रडवेला झाला होता. "माझे बाबा असे नाहीत गं..."

"आत्ता तरी तसेच आहेत!" ठिणगी कडाडली. "माझे बाबा खोटं बोलत नाहीत. चला नाट्यगृहात!"

मागच्या भगदाडातून तिघं आत शिरली. रंगमंचाच्या जागी राखाडी, भुसभुशीत राख! पण कोपऱ्यातल्या तीन लांबलचक फळ्या मात्र उभ्याच होत्या, काळ्याकुट्ट. ठिणगीने खिळ्याने खरवडलं. वर कोळशाचा जाड थर, आत पिवळंधमक लाकूड!

"बघा! आगरोधक लावलेलं लाकूड भडकत नाही, वरून कोळसा होतो. तो कोळसाच आतलं लाकूड वाचवतो. साध्या लाकडाची राख होते."

"मग बाकीच्या फळ्या साध्या होत्या?" गेंड्याने विचारलं.

"नाही रे, सगळ्या एकाच टाकीतल्या!"

मागच्या अंगणात पाण्याचा हौद होता. कडेला तारेचा ब्रश आणि एक सुकलेली फळी. तिच्यावर बाबांचा शिक्का!

"कोण आहे रे तिकडे?"

नाट्यगृहाचा मॅनेजर! त्याने ठिणगीची वेणी धरून तिला भिंतीवर आपटलं. "सुताराची कार्टी! बुरशी आलेल्या फळ्या दिल्या तुझ्या बापाने! आठ दिवस हौदात बुडवून, घासून घासून पांढरी बुरशी काढली आम्ही! मावल्या नाहीत त्या तीनच राहिल्या!"

ठिणगीचं डोकं गरगरत होतं, तरी तिचे डोळे चमकले. "पांढरी? अहो, ती बुरशी नव्हती! औषधाचा क्षार होता तो! तुम्हीच धुऊन टाकलात!"

मॅनेजरचा चेहरा उतरला. दुसऱ्याच क्षणी त्याने ब्रश उगारला. गेंडा डोकं खाली घालून धावला आणि त्याच्या पोटावर असा धडकला, की मॅनेजर धप्पकन हौदात! बिस्किटने फळी काखेत मारली.

"पळा!"

कार्यशाळेसमोर पाच वाजता जमाव पलिते घेऊन उभा होता. बाबा दारात उभे होते, सुजलेल्या डोळ्यांनी. बिस्किट अग्निशमन दलाच्या साहेबांना सगळं सांगत ओढत घेऊन आला आणि ठिणगी थेट बिस्किटच्या बाबांपुढे जाऊन उभी राहिली.

"पेटवायचंय ना, काका? आधी या दोन फळ्या पेटवा! ही आमच्याकडची, न धुतलेली. ही हौदात धुतलेली. दोन्हींवर एकच शिक्का!"

बेकरीवाल्याने पलिता लावला. धुतलेली फळी धडधडत पेटली. दुसरी नुसती काळी पडली आणि पलिता बाजूला करताच विझली. जमावातले पलिते खाली आले.

एवढ्यात मुलांचा पाठलाग करत, निथळत आलेल्या मॅनेजरला साहेबांनी दंडाला धरलं. "फळ्या पाण्यात बुडवल्या होत्या?"

"मला... मला वाटलं, बुरशी आहे..."

"सुताराला एका शब्दाने विचारलं असतंत तर? चला ठाण्यात! या पोरीला मारल्याचाही जबाब द्या!" मग साहेब मुलांकडे वळले. "शाब्बास! आमच्या आधी तुम्ही राख वाचलीत!"

बेकरीवाल्याच्या हातातला पलिता गळून पडला. "मी माणसाचं न ऐकताच त्याला फोडलं," तो पुटपुटला. त्याला रडू आवरेना.

बाबांनी फाटलेल्या ओठावरचं रक्त पुसलं. "चूक माझीही झाली. ती पांढरी पूड कसली, हे मी सांगायला हवं होतं."

दुसऱ्या सकाळी बेकरीवाला स्वतः खिडकीला नवी काच बसवत होता. त्याला बाबांच्या ओठावरच्या टाक्यांकडे बघवत नव्हतं. आत गेंडा फळ्या धरत होता, बिस्किट रंगाचा डबा, आणि ठिणगी प्रत्येक फळीवर ठसठशीत अक्षरात लिहीत होती: 'ही बुरशी नाही. धुऊ नका. आधी विचारा!'