शालूवर घेतलेला हंडा

कुसाबाईचा फायदा काय होणार होता, ते आधी सांगून टाकू.

एक स्टीलचा हंडा. त्यावर बसणारी कळशी. झाकणाचे डबे. एक परात. आणि पदरचं काही न जाता लेकीचं रुखवत सजवल्याची शान.

एवढंच. एवढ्यासाठी जे झालं, ते खरोखर झालं. नाशिकरोडच्या त्या चाळीतली माणसं अजून आहेत, त्यांना विचारा. फक्त कुसाबाईला विचारू नका.

साल अठ्ठ्याऐंशी. ऑगस्टमध्ये तिकडे बिहारात भूकंप झाला. पेपरात पडलेल्या घरांचे फोटो आले आणि चाळीतल्या बायकांनी कपडे गोळा करायचं ठरवलं. गाठोडी ठेवली कुसाबाईच्या पुढच्या खोलीत. कारण कुसाबाई पक्की. तिच्या घरातून सुतळीचा तुकडा हलत नाही, अशी ख्याती.

आता लोक तरी काय देतात! एका बाहीचा स्वेटर. बटणं काढून घेतलेले शर्ट. पण तीन धड साड्याही आल्या. आणि शेजारच्या धोंडाबाईने तर स्वतःच्या लग्नातला हिरवा शालू आणला.

"अगं, भूकंपात शालू कोण नेसतंय?" कुसाबाई म्हणाली.

"का? तिथल्या पोरींची लग्नं व्हायची नाहीत का? एखादीच्या अंगाला लागू दे. माझं सोनं झालं या शालूत."

"भाऊजी रोज झुलत घरी येतात, त्याला सोनं म्हणतात होय?"

"तुझ्या तोंडाला कोण लागणार! नीट बांध म्हणजे झालं."

कुसाबाईने नीट बांधला.

वेगळा.

तिच्या लेकीचं, शेवंताचं लग्न ठरलं होतं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. मुलगा ओझरच्या कारखान्यात. व्याही म्हणाले होते, "आम्हाला काही नको. रुखवत तेवढं चारचौघांत शोभेलसं असू द्या." असं म्हणणाऱ्याला सगळंच हवं असतं, हे कुसाबाईला कुणी शिकवायला नको होतं.

दुपारी चाळ झोपलेली असताना भांडेवाली आली. जुन्या कपड्यांवर नवी भांडी देणारी. तिने शालू उजेडात धरला.

"बाय, जरी खरी हाय का?"

"खरी नाहीतर काय! तुझ्या पातेल्यासारखी पातळ आहे का?"

"कळशी घे."

"कळशी साड्यांवर आली. शालूवर हंडा टाक. नाहीतर उचल तुझी पाटी."

हंडा आला. शेवंता बाहेरून आली, तेव्हा तो फळीवर बसलासुद्धा होता. ती दारावर नेहमीसारखी वाजवून आली. दोनदा टकटक, मग बांगड्यांची किणकिण, मग "आई, आले गं." शेवंताची सवय. तिने एवढी भांडी पाहिली आणि आईला मिठीच मारली. कुठून आली, ते तिला कुणी सांगितलं नाही.

उरलेली गाठोडी ट्रकमध्ये चढली. सोबत चाळीतला गोरक्ष गेला. ट्रकपुढे नारळ कुसाबाईनेच फोडला.

काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला...

टक...

टक... टक...

"कोळशाची गाडी गेली असेल," तिचा नवरा खंडेराव म्हणाला. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. गाडी गेली की फळी थरथरायची, हे खरंच होतं.

पण गाडीने भांडी बाहेरून थरथरतात.

हे आतून वाजत होतं.

आधी डबे. मग परात. मग कळशी.

सकाळी दांडीवरची साडी गेली. कुसाबाईची, धड, एकदाच नेसलेली. शेजारचा फाटका परकर तसाच होता.

त्या दिवसापासून डबे गप्प.

मग पेटीतली दुसरी साडी गेली. कुलूप लावलेलं, तसंच. परात गप्प झाली. तिसरी गेली, कळशी गप्प.

जे कोणी घेत होतं, ते भांडेवालीपेक्षा चोख होतं. साडीला साडी. फाटक्याला हात नाही.

आता वाजत होता फक्त हंडा.

गोरक्ष परत आला, तो वाळून. ओट्यावर बसून त्याने सांगितलं, "तडे गेलेलं एक घर आम्ही तिथं असतानाच बसलं. आत एक पोरगी अडकली. लग्न ठरलेली. मातीखालून भांड्यावर वाजवत होती... टक, टक. सगळे उकरत होते. मग वाजायचं थांबलं."

गोरक्षने पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला.

"तिची आई म्हणत होती, नवरी होणार होती, अंगावर काहीतरी धड घाला. आपली सगळी गाठोडी सोडली मी. एक धड साडी निघाली नाही हो, मावशी. गोणपाटात नेली तिला."

"आणि माझा शालू?" धोंडाबाईने विचारलं.

"कुठला शालू?"

कुसाबाई उठून घरात गेली. दूध उतू जातंय म्हणाली. चूल पेटलेलीच नव्हती.

हंडा काय मागतोय, ते तिला कळलं होतं. शालूवर आलेला हंडा शालूवरच गप्प होणार. आणि घरात नवा शालू एकच होता. शेवंताचा, व्याह्यांनी पाठवलेला.

तो कसा द्यायचा? लग्नात काय दाखवायचं?

कुसाबाईने डोकं चालवलं. आपला स्वतःचा लग्नातला शालू काढला. कसर लागलेला, घडीवर चिरलेला. चांगली बाजू वर ठेवून हंड्यात घातला, झाकण लावलं. कोण बघतंय उलगडून?

सकाळी हंडा रिकामा.

वाजणंही बंद.

'पटलं,' कुसाबाई मनात म्हणाली. आणि हसली.

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. रुखवतातला हंडा बघून विहीणबाईंनी मान डोलावली. अक्षता पडल्या. शेवंता त्या शालूत अशी दिसत होती की धोंडाबाईने कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. ओटी भरायच्या आधी पोरगी जरा टेकायला म्हणून रुखवताच्या खोलीत गेली. आतून कडी लावली.

बाहेर बायका वाट बघत होत्या.

"शेवंता?"

...

"अगं शेवंता, उघड!"

खंडेरावाने दार फोडलं.

खिडकीला गज, तसेच. आत कुणी नाही.

जमिनीवर एक शालू होता. नीट घडी घातलेला. ओला. मातकट वासाचा. घडीवर चिरलेला.

कुसाबाईचा.

परत केलेला.

पोलीस आले, गेले. पळाली म्हणाले. आतून लावलेल्या खोलीतून, नवरीच्या शालूत, कुणाला न दिसता कशी पळाली, ते कुणी सांगितलं नाही.

हंडा अजून कुसाबाईच्या फळीवर आहे. ती त्यात पाणी भरत नाही, मोडीतही काढत नाही. दिवेलागणीला समोर बसते. गाडीची वेळ नसते. तरी...

टक... टक...

मग बांगड्यांची किणकिण.

"थांब गं, उघडते," कुसाबाई म्हणते. झाकण काढते. रोज. आत काहीच नसतं.

हे लिहिताना बाहेरून एखादी मालगाडी जावी, असं फार वाटतंय.

धोंडाबाईने शालू दिला होता, तो मनापासून. कुसाबाईला हंडा मिळाला, तो राहिला. तिने दिलेला फाटका शालू तिला परत मिळाला. नवा शालू मातीखालच्या ज्या पोरीला हवा होता, तिला पोचला.

भरलं ते शेवंताने. तिने कुणाचं काही घेतलंच नव्हतं.